पासो रोबल्सचा द्राक्षमळा: टाब्लास क्रीकमधील तीन दशकांच्या शेतीचा प्रकरण अभ्यास

कॅलिफोर्नियातील पासो रोबल्स या गावाच्या पश्चिमेला, प्रशांत महासागरापासून सुमारे 19 किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंचीवर, टाब्लास क्रीक नावाचा द्राक्षमळा आहे. एक अमेरिकी आणि एक फ्रेंच अशा दोन कुटुंबांनी 1989 मध्ये तो भागीदारीत उभा केला आणि आजही तो त्या कुटुंबांच्याच हाती आहे. 2020 मध्ये ‘रिजनरेटिव्ह ऑरगॅनिक’, म्हणजे मातीला पुन्हा जिवंत करणाऱ्या सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र मिळवणारा हा जगातील पहिला द्राक्षमळा ठरला. या मळ्यावर लिहिणारे बहुतेक लोक त्या प्रमाणपत्रापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मला त्याआधीची तीस वर्षे अधिक बोलकी वाटतात, कारण या मळ्यात घेतलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय असा होता की त्याचे फळ पाच-दहा वर्षांनी दिसावे, आणि तोवर घर चालवण्याची सोय मात्र वेगळीकडून करावी लागावी. ही सोय कशी झाली, हे समजून घेतल्याशिवाय तिथल्या मेंढ्या, खत आणि कोरडवाहू वेली यांचा अर्थ लागत नाही.

जमीन निवडताना

रॉबर्ट हास हे अमेरिकेतील वाइनचे आयातदार. दक्षिण फ्रान्समधील शातोनफ-द्यू-पाप भागातल्या शातो द बोकास्तेल या मळ्याची वाइन ते अमेरिकेत आणत असत. बोकास्तेलचे मालक पेराँ कुटुंब. या कुटुंबातील जाक पेराँ यांनी रासायनिक शेतीचा बोलबाला असतानाच, विसाव्या शतकाच्या मध्यावर, सेंद्रिय पद्धतीची वाट धरली होती. कॅलिफोर्नियाची हवा भूमध्य समुद्राच्या काठासारखी असूनही तिथे बोकास्तेलच्या, म्हणजे फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातील द्राक्षाच्या जाती फारशा कोणी लावत नाही, ही गोष्ट हास आणि जाक यांचे दोन मुलगे जाँ-पियेर व फ्रांस्वा यांच्या मनात घोळत होती. त्यांनी 1985 पासून जमिनीचा शोध सुरू केला, तो चार वर्षे चालला.

त्यांच्या अटी ठरलेल्या होत्या. माती चुनखडीची हवी, उन्हाळा उष्ण पण रात्री थंड हव्यात, आणि सिंचनाशिवाय वेल जगेल इतका पाऊस हवा. शेवटची अट कॅलिफोर्नियात अवघड, कारण तिथे द्राक्षाला जिथे ऊन पुरेसे असते तिथे पाऊस सहसा कमी पडतो. पासो रोबल्सच्या पश्चिमेकडील लास टाब्लास भागात या तिन्ही अटी एकत्र सापडल्या आणि 120 एकर जमीन विकत घेतली गेली. पुढे शेजारची जमीन घेऊन मळा 270 एकरांचा झाला, मात्र आजही वेली आहेत त्या सुमारे निम्म्या क्षेत्रावरच. उरलेल्या भागात ओकची झाडे, गवताळ उतार आणि ओढ्याकाठची जागा आहे. द्राक्षाचा भाव चांगला असताना दर एकर लागवडीखाली आणण्याचा मोह कोणत्याही बागायतदाराला होतो. तो इथे टाळला गेला आणि पुढे जनावरांना उन्हाळ्यात चरायला जागा लागली तेव्हा हीच मोकळी जमीन कामी आली.

पांढुरक्या, ठिसूळ चुनखडीयुक्त दगडांचे ढेकूळ या उतारावर जागोजाग वर आलेले दिसतात. ही जमीन प्राचीन समुद्रतळाची आहे. चुनखडीयुक्त चिकण माती हिवाळ्यात पाणी पिऊन घेते आणि उन्हाळ्यात ते हळूहळू मुळांना देते. वरचा थर कोरडा झाला की खालचा ओलावा केशाकर्षणाने वर चढतो. वर्षाला सरासरी 25 इंच, म्हणजे 635 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा आपल्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षपट्ट्याला परका नाही. फरक आहे तो ऋतूचा: तिथला जवळजवळ सगळा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, वेल झोपलेली असताना पडतो, आणि मे ते ऑक्टोबर आकाश कोरडे असते. या एका फरकाचे परिणाम पुढे वारंवार दिसतील.

वेली आल्या, पण तीन वर्षांनी

जमीन घेतल्यावर कोणताही बागायतदार पुढच्या हंगामात लागवड करतो. हास आणि पेराँ यांना मात्र बोकास्तेलच्याच वेली हव्या होत्या, कारण कॅलिफोर्नियात तेव्हा उपलब्ध असलेल्या ऱ्होन जातींच्या काड्यांचा दर्जा आणि विविधता त्यांना पुरेशी वाटत नव्हती. परदेशातून आणलेल्या काड्यांना अमेरिकेत विलगीकरणात राहावे लागते. न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील सरकारी केंद्रात त्या तीन वर्षे राहिल्या, विषाणूंसाठी तपासल्या गेल्या आणि मगच मळ्यात पोहोचल्या. ज्यांच्याकडे जमीन आहे, कर्ज-भांडवल अडकलेले आहे, त्यांनी तीन वर्षे काड्यांची वाट पाहायची म्हणजे काय, हे ज्यांनी नव्या बागेचा खर्च केला आहे त्यांना सांगायला नको.

हाती निरोगी काड्या आल्यावर त्यांनी मळ्यातच रोपवाटिका सुरू केली. तिथली कलमे पुढे अमेरिकेतील शेकडो मळ्यांत गेली. प्रतिस्पर्ध्यांना आपलीच उत्तम जात विकण्याचा हा निर्णय वरकरणी उलटा वाटेल, पण त्यामुळे सुरुवातीच्या काळात थोडे उत्पन्न मिळाले आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रेनाश, मूर्वेद्र, रूसान, कुन्वाज या ऱ्होन जातींची नावे अमेरिकी ग्राहकाच्या कानावर पडू लागली. जातींचा संग्रह पूर्ण करण्याचे काम मात्र कितीतरी वर्षे चालू राहिले. शातोनफ-द्यू-पापच्या परंपरेतील उरलेल्या दुर्मीळ जाती 2003 मध्ये मागवल्या गेल्या आणि त्यांतील शेवटची, मस्कारडँ, प्रत्यक्ष लावली गेली 2019 मध्ये. पहिल्या काड्यांपासून शेवटच्या जातीपर्यंत सुमारे तीन दशके. रॉबर्ट हास 2018 मध्ये, वयाच्या नव्वदीत, वारले. ती शेवटची जात रुजलेली त्यांना पाहता आली नाही. मळ्याचा कारभार त्यांचे पुत्र जेसन हास पाहतात.

एवढ्या जाती कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर हवामानात आहे. पासो रोबल्समध्ये वसंतातील उशिराचे दहिवर, म्हणजे गोठलेले दव, हे मोठे संकट आहे. 2009 आणि 2011 च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा 2022 च्या मे महिन्यात तिथे दहिवराने कोवळे फुटवे जळाले. ग्रेनाश आणि व्हियोनिए लवकर फुटतात, म्हणून त्या आधी सापडतात. मूर्वेद्र उशिरा फुटते, म्हणून ती अनेकदा वाचते. उलट उष्णतेची लाट आली की पिकपूलसारखी जात आपला आंबटपणा टिकवून धरते. ज्याच्या मळ्यात दहा-बारा जाती वेगवेगळ्या वेळी फुटतात, फुलतात आणि पिकतात, त्याचे एका रात्रीत सगळे जात नाही. थॉमसन आणि तिच्या पोटजातींवर जवळजवळ सगळा भार टाकणाऱ्या आपल्या द्राक्षपट्ट्याने एवढ्या एका मुद्द्यासाठी तरी या मळ्याकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

चुकीची लागवड आणि ती कबूल करणे

सुरुवातीची लागवड दाट होती, एकरी 1,600 ते 1,800 वेली, तारांवर चढवलेल्या आणि ठिबकची सोय असलेल्या. उद्देश असा की वेलींमध्ये स्पर्धा होऊन मुळे खोल जातील. पण दुष्काळाच्या वर्षांत एवढ्या वेलींना पुरेसा ओलावा मिळेना. 2005 नंतर ‘स्क्रफी हिल’ नावाच्या उतारावर त्यांनी जुन्या भूमध्यसागरी पद्धतीने लागवड केली: तारा नाहीत, वेल ठेंगण्या झुडपासारखी वाढवलेली, दोन वेलींत तीन-साडेतीन मीटर अंतर, आणि एकरी संख्या जेमतेम साडेतीनशे. रोपे रुजेपर्यंत पाणी, नंतर काहीच नाही. 2012 ते 2016 या दीर्घ दुष्काळात या कोरडवाहू वेली दाट लागवडीपेक्षा कमी ताणाखाली दिसल्या, आणि त्यानंतरची नवी लागवड रुंद अंतरानेच होत गेली.

यात गणित साधे आहे. एका एकरात पडलेला आणि मुरलेला पाऊस जेवढ्या वेलींत वाटला जाईल तेवढा प्रत्येकीच्या वाट्याला येईल. पण उत्पन्नाचेही गणित तितकेच साधे आहे. या मळ्याचे सरासरी उत्पादन एकरी तीन टनांच्या खालीच राहते आणि 2015 सारख्या वर्षी ते त्याहूनही बरेच घसरले. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांत एकरी दहा-बारा टन हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. कोरडवाहू, विरळ लागवडीचे कौतुक करताना हा दुसरा आकडा बाजूला ठेवला तर ते कौतुक शेतकऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही.

मेंढ्या

2003 मध्ये मळ्याला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले. 2010 च्या सुमारास त्यांनी बायोडायनॅमिक, म्हणजे सगळे शेत एक सजीव मानणाऱ्या सेंद्रिय पद्धतीचे प्रयोग सुरू केले आणि 2017 मध्ये तेही प्रमाणपत्र घेतले. पण मळ्याचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते 2012 च्या सुमारास एक लहानसा मेंढ्यांचा कळप आणल्यावर. आज तो कळप दोनशेच्या आसपास आहे. सोबत अल्पाका (उंटाच्या कुळातील लोकरी जनावर), राखणीला गाढव आणि मोठा स्पॅनिश मॅस्टिफ कुत्रा, कारण त्या डोंगरांत कोयोटी (कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी) आणि पहाडी सिंह (प्यूमा) फिरतात. कळपासाठी पूर्ण वेळ पगारी मेंढपाळ नेमलेला आहे.

हिवाळ्यातील एक दिवस डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखा आहे. पीक ऑक्टोबरमध्ये उतरले, पहिला पाऊस झाला, आणि दोन ओळींमध्ये वाटाणा, बाकला, व्हेच, ओट आणि मुळा यांचे मिश्र आच्छादन-पीक गुडघ्याइतके उंच आले. मेंढपाळ विजेचा हलका प्रवाह सोडलेली जाळी एका छोट्या तुकड्याभोवती लावतो. मेंढ्या आत जातात, कोवळे शेंडे आधी खातात, मग खालची पाने, आणि जमिनीवर लेंड्या, मूत्र व तुडवलेला पाला यांचा थर सोडतात. एक-दोन दिवसांत जाळी उचलून पुढच्या तुकड्यात जाते. कळप एका जागी आणखी दोन दिवस राहिला तर गवत मुळापासून खुरडले जाईल आणि ओल्या मातीत खुरांनी घट्टा बसेल. लवकर हलवला तर उंच गवत तसेच राहील. म्हणून मेंढपाळाचे खरे कौशल्य जाळी नेमकी कधी उचलायची हे ओळखण्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये वेलीचा डोळा फुगू लागला की कळप मळ्यातून बाहेर काढतात, कारण मेंढीला कोवळा फुटवा गवतापेक्षा गोड लागतो.

या एका व्यवस्थेने किती कामे वाचतात ते मोजून पाहावे. गवत कापण्यासाठी ट्रॅक्टरच्या फेऱ्या घटतात, त्यामुळे डिझेल आणि मातीचा घट्टपणा दोन्ही कमी होतात. बाहेरून आणायचे कंपोस्ट कमी लागते. आणि जमीन नांगरण्याची गरज कमी होत गेल्याने अलीकडच्या वर्षांत त्यांनी मळ्याच्या काही भागांत नांगरट बंदच केली. छाटणीच्या काड्यांचेही तसेच. त्या ढीग करून वरून पेटवतात. ज्वाला वर राहून खालच्या लाकडातून निघणारा वायू जाळते, लाकूड कोळशासारखे काळे होते, आणि राख होण्याच्या आत त्यावर पाणी ओततात. हा कोळसा कंपोस्टमध्ये मिसळून जमिनीत जातो. त्यातील कार्बन दीर्घकाळ मातीतच राहतो. आपण बांधावर काड्या खालून पेटवतो तेव्हा धूर होतो आणि मुठीएवढी राख उरते. पद्धतीतला फरक काडेपेटी कुठे लावली आणि पाणी कधी ओतले एवढाच आहे.

मेंढ्यांबद्दल मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर शेतात मेंढ्या बसवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, रात्रभर शेतात बसवायचा, त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे, आणि सकाळी लेंडीखताने माखलेली जमीन ताब्यात घ्यायची, हा व्यवहार ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला नवा नव्हता. कॅलिफोर्नियात जे ज्ञान प्रमाणपत्राच्या निकषांत लिहून काढावे लागले, ते आपल्याकडे मेंढपाळ आणि शेतकरी यांच्या ओळखीत, शब्दात आणि दरवर्षीच्या वाटेत जपलेले होते. द्राक्षबागा आल्या, तारा आणि अँगल उभे राहिले, बांधबंदिस्ती झाली, आणि त्या वाटा बागायती पट्ट्यातून बाहेर ढकलल्या गेल्या. याची खंत करावी असे माझे प्रामाणिक मत आहे.

विक्रीचा प्रश्न हाच शेतीचा प्रश्न

मळ्याची मूळ योजना अशी होती की वाइन तयार करायची आणि घाऊक वितरकांमार्फत विकायची. 1997 मध्ये मळ्यातच वायनरी बांधली गेली. पण त्या काळच्या अमेरिकी ग्राहकाला एका जातीच्या नावाची, म्हणजे कॅबर्ने किंवा शार्दोनेची, बाटली ओळखीची होती. चार-पाच अनोळखी जातींचे मिश्रण कोणी मागत नव्हते. 2000 च्या आसपास तयार वाइनचा साठा वाढला आणि पैसे अडकले. शेतीत काहीही चूक नसताना मळा अडचणीत आला, आणि प्रकरण अभ्यासाच्या दृष्टीने हाच सर्वांत शिकण्यासारखा टप्पा आहे.

2002 मध्ये त्यांनी मळ्यातच चव पाहण्याची खोली उघडली आणि सभासदांना वर्षातून ठराविक वेळा थेट घरी वाइन पाठवण्याची योजना सुरू केली. येणाऱ्या माणसाला वेल दाखवायची, माती दाखवायची, रूसान म्हणजे काय ते समोर बसवून सांगायचे आणि मग बाटली विकायची. थेट विक्रीत वितरक आणि किरकोळ विक्रेता यांचा वाटा मळ्याकडेच राहतो. एकरी तीन टनांच्या आत पिकवूनही कुटुंब टिकते ते या फरकावर. 2010 पासून आसपासच्या बागायतदारांची द्राक्षे घेऊन ‘पातलँ’ या नावाने तुलनेने स्वस्त वाइन काढण्यास सुरुवात झाली; त्यामुळे दहिवराच्या किंवा दुष्काळाच्या वर्षीही विकायला काही हाती राहते आणि शेजाऱ्यांनाही एक गिऱ्हाईक मिळते.

मेंढपाळाचा पगार, रुंद लागवडीमुळे गमावलेले टन, सोळा वर्षांनी येणारी जात, या सगळ्यांचा खर्च त्या खोलीतून निघतो. ज्या मळ्याची द्राक्षे घाऊक दराने किलोवर मोजली जातात, त्याला या पद्धती जशाच्या तशा उचला असे सांगणे मला जबाबदारीचे वाटत नाही. शिवाय मळा सुरू करणाऱ्या दोन्ही कुटुंबांच्या पाठीशी आधीचा यशस्वी धंदा होता. पहिली आठ-दहा वर्षे फारशा उत्पन्नाविना काढणे त्यामुळेच शक्य झाले.

बाटलीचे वजन

शेतातील कार्बनचा हिशेब करताना द्राक्ष बागायतदार बहुधा डिझेल आणि खत मोजतो. कॅलिफोर्नियातील वाइन उद्योगाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकूण कार्बनभारातील सर्वांत मोठा एकच वाटा काचेच्या बाटलीचा निघाला, सुमारे 29 टक्के. टाब्लास क्रीकने त्याच सुमारास आपल्या वरच्या दर्जाच्या वाइनसाठी वापरली जाणारी, रिकामी असतानाच जवळजवळ 900 ग्रॅम भरणारी जाडजूड बाटली सोडून साधारण 470 ग्रॅमची बाटली घेतली. जड बाटली म्हणजे भारी वाइन, असा ग्राहकाचा समज असतो. तो मोडण्याचा धोका त्यांनी पत्करला. 2022 मध्ये तर त्यांनी आपली रोझे (गुलाबी) वाइन तीन लिटरच्या खोक्यात, आत पिशवी आणि तोटी असलेल्या, 95 डॉलरला विकली. चार बाटल्यांच्या तुलनेत वेष्टनाचा कार्बनभार 84 टक्क्यांनी कमी होतो, असे त्यांनी ग्राहकांना आकड्यानिशी सांगितले, आणि तो माल काही तासांत संपला. मळ्यात मेंढी आणण्यापेक्षा हे काम सोपे होते आणि परिणाम कदाचित अधिक मोठा.

माणसे

पुनरुज्जीवनशील सेंद्रिय, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या ‘रिजनरेटिव्ह ऑरगॅनिक’ प्रमाणपत्राचे तीन खांब आहेत: मातीचे आरोग्य, जनावरांचे कल्याण आणि शेतमजुरांना न्याय. तिसरा खांब जुन्या सेंद्रिय नियमांत नव्हता. फवारणी सेंद्रिय, पण छाटणीला येणारा मजूर कंत्राटदाराच्या हाताखाली, हंगामापुरता, विनाओळख, अशी स्थिती कॅलिफोर्नियात सर्रास आहे. टाब्लास क्रीकमध्ये मळ्यातील कामगारांची फळी वर्षभर नोकरीवर असते. तोच माणूस तीच वेल वर्षानुवर्षे छाटतो, म्हणून कोणत्या ओळीत कोणती वेल अशक्त आहे हे त्याला वहीत पाहावे लागत नाही. प्रमाणपत्राच्या अटीनुसार कामगारांचे म्हणणे ऐकण्याची नियमित व्यवस्थाही लागते. पेठ, सुरगाणा भागातून डोक्यावर बोचकी घेऊन छाटणी आणि डिपिंगला (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या कामाला) नाशिकच्या बागांत उतरणाऱ्या टोळ्या पाहिलेल्या माणसाला या तिसऱ्या खांबाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या निर्यातीच्या तपासणीत घडावर कीटकनाशकाचे किती अंश आहेत ते मोजतात, तो घड हातात धरणाऱ्याच्या मुक्कामाची जागा कोणी मोजत नाही.

नाशिकच्या बांधावरून पाहताना

आता ज्या मुद्द्यासाठी हे प्रकरण मराठीत मांडावेसे वाटले, त्याकडे येतो. टाब्लास क्रीकला सेंद्रिय राहणे तुलनेने सोपे आहे, कारण तिथे वेलीवर पान असताना फारसा पाऊस पडत नाही. त्यामुळे भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक धुरळले की मोठे काम झाले. केवडा, म्हणजे ओलाव्यात पसरणारा डाउनी हा रोग, जवळजवळ येतच नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाळ्यात काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीनंतर कोवळ्या घडावर परतीचा पाऊस कोसळतो. केवडा आणि करपा तेव्हाच उठतात. फवारणीचा अतिरेक हा बागायतदाराचा हावरटपणा नव्हे. एका रात्रीच्या पावसात वर्षाची कमाई गमावण्याची ती भीती आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली आणि कित्येक कुटुंबे कर्जात गेली, ती आठवण अजून ताजी आहे. त्यानंतर अंश-तपासणी कडक झाली, हे चांगले झाले. मात्र ती तपासणी फळाची असते, मातीची नसते.

मातीत साठते ते तांबे. बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त बुरशीनाशके सेंद्रिय शेतीतही चालतात, पण तांबे कुजत नाही, विरत नाही, वरच्या थरात साचत जाते. युरोपीय संघाने 2019 पासून हेक्टरी सात वर्षांत 28 किलो अशी मर्यादा घातली आहे. आणि इथेच टाब्लास क्रीकची नक्कल करताना एक गंभीर चूक घडू शकते, जिच्याविषयी मेंढ्यांचे गोडवे गाणाऱ्या लेखांत मला क्वचितच वाचायला मिळते. पाळीव जनावरांमध्ये मेंढी तांब्याला सर्वांत नाजूक आहे. तिचे यकृत तांबे साठवत राहते, ते बाहेर टाकण्याची तिची क्षमता फार कमी असते. अनेक आठवडे काही दिसत नाही आणि मग एखाद्या ताणाच्या वेळी यकृतातले तांबे एकदम रक्तात उतरते, लाल पेशी फुटतात, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात आणि जनावर दोन-तीन दिवसांत मरते. वर्षानुवर्षे बोर्डो फवारलेल्या बागेत, फवारा पडलेल्या गवतावर कळप सोडला तर नुकसान धनगराचे होईल, आणि दोष कुणालाच दिसणार नाही.

तरीही मार्ग आहे असे मला वाटते. आपल्या बागेला कॅलिफोर्नियासारखी लांब झोप नसते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरल्यापासून खरड छाटणीपर्यंत महिना-दीड महिन्याची विश्रांती असते. आपला मांडव डोक्याइतका उंच असतो, त्यामुळे मेंढीचे तोंड पानापर्यंत पोहोचत नाही; ही सोय टाब्लास क्रीकच्या ठेंगण्या वेलींना नाही. अडचण आहे ती चाऱ्याची, कारण त्या काळात बोदावर (वेलीच्या ओळीतील मातीच्या उंचवट्यावर) आणि मधल्या पट्ट्यात हिरवे काही नसते. गोडी छाटणीच्या वेळी मधल्या पट्ट्यात चवळी किंवा ताग पेरला आणि ठिबकच्या एका जादा लाइनवर तो टिकवला तर काही चारा राहू शकेल. पण मधला ओलावा केवड्याला निमंत्रण देतो, म्हणून हा प्रयोग आधी पाच-सहा ओळींतच करावा, आणि ताम्रयुक्त फवारणी झालेल्या वर्षी तो चारा कळपाला न घालता जागेवरच कापून आच्छादन म्हणून पसरावा. वाइनच्या द्राक्षांत हे करणे अधिक सोपे जाईल, कारण तिथे घड सुबक दिसण्यासाठी जीए या संजीवकाचे डिपिंग करावे लागत नाही आणि मण्याच्या आकाराचा आग्रह नसतो.

कळप बोलावण्याआधी बागेतील वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचा आणि गवताचा तांब्यासाठी नमुना तपासून घ्यावा, पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना तो अहवाल दाखवावा, आणि मेंढपाळाला शेवटची फवारणी कोणती व कोणत्या तारखेला झाली हे लेखी सांगावे. जुन्या बागेतील आकडा जास्त आला, तर तिथे मेंढ्यांऐवजी त्यांचे खत बाहेरून आणून घालावे, आणि वाडा बसवण्याचा प्रयोग तांब्याचा फवारा कधी न लागलेल्या नव्या लागवडीत, तिच्या पहिल्याच विश्रांतीच्या महिन्यात करावा.